साडेसहाशेचं ओबीडी डोंगल आठ महिने वापरून: अ‍ॅव्हरेज सांगतं का? हो पण आणि नाही पण

सुरुवात आमच्या तळमजल्यावरच्या काकांपासून करते. पार्किंगमध्ये भेटले की त्यांचा एकच प्रश्न, "तुमची किती देते?" आणि आपण काही बोलायच्या आत त्यांचं उत्तर, "आमची चोवीस देते." चोवीस! पुण्यात! सिंहगड रोडवर! माझी त्यांच्याच मापाची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, २०१८ ची, डॅशबोर्डवर कधी १७ दाखवते, कधी साडेसतरा. मला वाटायला लागलं की एकतर माझ्या गाडीत काहीतरी बिघाड आहे नाहीतर माझ्या पायात. आमच्या मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणे, "मॅडम, शहरात एवढंच देणार", म्हणजे विषय संपला. माझा नव्हता संपला.

मग ऑनलाइन ते ओबीडी डोंगल दिसलं. काडेपेटीएवढा प्लास्टिकचा डबा, स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ जो १६ पिनांचा सॉकेट असतो त्यात खोचायचा, ब्लूटूथने मोबाईलला जोडायचा, आणि अ‍ॅपवर म्हणे गाडीचं सगळं दिसतं, आरपीएम, कूलंटचं तापमान, आणि अ‍ॅव्हरेज, तेही दर सेकंदाला. आपल्याकडे साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांना ओबीडी टू (गाडीने आपली माहिती त्या सॉकेटमधून बाहेर द्यायची ठरलेली पद्धत) असतंच त्यामुळे गाडी चालेल की नाही ही काळजी नव्हती.

पहिलं घेतलं ३४९ चं. ते मोबाईलला जोडलं जायचं, दिवा लागायचा, अ‍ॅप "कनेक्टेड" म्हणायचं, आणि पुढे काहीच नाही, गाडीच्या ईसीयूशी, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरशी, ते बोलायलाच तयार नाही. नंतर वाचल्यावर कळलं की ही सगळी डोंगलं ईएलएम ३२७ नावाच्या चिपच्या नकला आहेत, मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, आणि स्वस्तातल्या ज्या नकलांवर "व्ही २.१" लिहिलेलं असतं त्यातल्या बऱ्याच जणींना अर्ध्या कमांड कळतच नाहीत. म्हणजे आकडा मोठा तेवढी वस्तू नवी असं इथे नाही, उलटंच आहे. ते परत केलं, दुसरं घेतलं साडेसहाशेचं, १.५ वालं, ते पहिल्या झटक्यात लागलं. आयफोनवाल्यांनो, साधं ब्लूटूथवालं घेऊ नका, तुमच्या फोनला ते चालत नाही, वायफायवालं किंवा बीएलई लिहिलेलं बघून घ्या. माझ्या बहिणीने न बघता घेतलं, ते आता माझ्याकडे स्पेअर म्हणून पडलंय.

नवऱ्याची पहिली प्रतिक्रिया: "आता तू मोबाईल बघत गाडी चालवणार का?" प्रश्न बरोबर होता. मी ठरवून टाकलं की गाडी चालवताना स्क्रीन बंद, अ‍ॅप मागे रेकॉर्ड करत राहील, बघायचं ते घरी येऊन किंवा दुसरं कोणी चालवत असताना. तुम्हीही हेच करा, तो काटा फार वाईट खिळवून ठेवतो.

पहिल्या आठवड्यात अ‍ॅपचं अ‍ॅव्हरेज आलं १८.७. गाडीचा स्वतःचा डिस्प्ले म्हणतोय १७.४. मी खूश, म्हटलं बघा, गाडी चांगली देते, डिस्प्लेच चुकतोय. नशिबाने तेव्हाच बाबा आले होते साताऱ्याहून. बाबांच्या चेतकच्या डिकीत एक छोटी डायरी असायची, त्यात तारीख, किलोमीटर, लिटर, एवढंच, वर्षानुवर्षं. त्यांनी शांतपणे विचारलं, "टाकी फुल करून बघितलंस का?" नव्हतं बघितलं. ऑफिसला जाताना आपण काय करतो, "हजारचं टाका" म्हणतो, झिरो बघतो आणि निघतो, त्यात किती लिटर आलं हे पावतीवर असतं आणि पावती कचऱ्यात.

तर मग सुरू केलं. टाकी फुल, पहिल्या ऑटो कटला (टाकी भरली की नोझल आपोआप बंद होतं तेव्हा) थांबवायचं, "अजून थोडं बसवतो मॅडम" म्हणाला तरी नको म्हणायचं, ट्रिप मीटर झिरो. पुढच्या वेळी तोच पंप, जमलं तर तेच मशीन, गाडी त्याच बाजूला तशीच उभी, परत पहिल्या कटला थांबवायचं. जेवढे लिटर बसले तेवढे जळाले. तीन टाक्यांचा माझा हिशोब देते: ४१२ किमीला २५.९ लिटर, ४६८ ला २७.६ (यात एक सातारा फेरी आहे), आणि ३८९ ला २४.३. सुटेसुटे काढले तर १५.९, १७ आणि १६. एकूण १२६९ किमी, ७७.८ लिटर, म्हणजे १६.३.

अ‍ॅप १८.७, डिस्प्ले १७.४, वस्तुस्थिती १६.३.

एका टाकीवर विश्वास ठेवू नका हे पण सांगते. ऑटो कट दर वेळी नेमक्या त्याच पातळीला पडत नाही, नोझल किती आत आहे, गाडी किती तिरकी आहे, पेट्रोलला फेस किती आलाय, यावर अर्धा-एक लिटर इकडेतिकडे सहज होतो. माझ्या पहिल्या टाकीत एक लिटर कमी बसलं असतं तर १५.९ च्या जागी साडेसोळा आलं असतं, आणि मी कुणालातरी सांगत सुटले असते की एअर फिल्टर बदलल्याने फरक पडला. तीन-चार टाक्या एकत्र धरल्या की ही चूक वाटली जाते.

आता मुद्द्याची गोष्ट, जी डोंगलच्या खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते आणि जी कळायला मला दोन महिने लागले: हे डोंगल पेट्रोल मोजतच नाही. ते हवा मोजतं. तेही अंदाजाने.

म्हणजे असं बघा. काही गाड्यांमध्ये इंजिनात जाणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो, त्यांचं निदान हवेचं गणित तरी सरळ आहे. माझ्यासारख्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांमध्ये तो नसतो, एमएपी असतो, तो फक्त मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, दाब सांगतो. मग अ‍ॅप आरपीएम, दाब, हवेचं तापमान आणि इंजिनाचे सीसी घेऊन हवा किती गेली असेल ते काढतं, त्याला "व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी" नावाच्या एका टक्केवारीने, म्हणजे इंजिन आपल्या मापाच्या किती टक्के हवा खरंच ओढतं त्या आकड्याने, गुणतं (माझ्या अ‍ॅपमध्ये ती आधीपासून ८५ भरलेली होती, का ८५, कुणाची ८५, देव जाणे), आणि मग त्या हवेला १४.७ ने भागून पेट्रोल काढतं, कारण एक ग्रॅम पेट्रोल जाळायला १४.७ ग्रॅम हवा लागते.

पण ते शुद्ध पेट्रोलला. आपल्या पंपावर सध्या मिळतंय ई ट्वेंटी, २० टक्के इथेनॉल. इथेनॉलला हवा कमी लागते, एका ग्रॅमला साधारण ९ ग्रॅम, त्यामुळे या मिश्रणाचं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेत गाडी जास्त पेट्रोल टाकतेय आणि अ‍ॅप बिचारं जुन्याच हिशोबाने कमी धरतंय. माझे १८.७ इथून आले होते, निदान त्यातला मोठा वाटा. मग मी ती ८५ ची टक्केवारी वाढवत वाढवत ९७ वर नेली तेव्हा अ‍ॅप आणि डायरी जुळायला लागले. इंजिन काय खरंच ९७ टक्के श्वास घेत नसणार, त्या आकड्यात इथेनॉलची चूक पण गिळून टाकलीय. पण जुळतंय ना, बास.

इथेनॉलवरून ग्रुपवर रोज भांडणं चालतात म्हणून एवढंच सांगते. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे ई ट्वेंटीच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी, हे साधं गणित आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात पण जुन्या घडणीच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के आणि ई ट्वेंटीसाठी जुळवलेल्यांना १ ते २ टक्के फटका असंच लिहिलंय. आपलं अ‍ॅव्हरेज २२ वरून १५ वर आलं असेल तर मात्र त्यात इथेनॉलशिवाय दुसरं कोणीतरी आहे.

बरं, डिस्प्ले तरी का चुकतो? तो डोंगलपेक्षा बराच शहाणा आहे, कारण गाडीला स्वतःला माहीत असतं की इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारतो तो) किती वेळ उघडा ठेवला, त्यावरून ती पेट्रोल काढते. तरी तोही हिशोबच, मोजणी नाही. माझा सात टक्क्यांच्या आसपास जास्त दाखवतो आणि गंमत म्हणजे दर वेळी तेवढाच जास्त. दर वेळी सारखंच चुकणारं घड्याळ कामाचं असतं, तसं.

आणि कंपनी माझ्या गाडीला जे २२ सांगते ते? तेही ऐका, मला हे वाचून फार मजा वाटली. आपली एआरएआय, म्हणजे गाड्या तपासून हा आकडा देणारी संस्था, इथे कोथरूडला वेताळ टेकडीवर आहे ती, १९६६ पासूनची. तिथे गाडी रोलरवर उभी करतात, चाकं फिरतात, गाडी जागेवर. ठरवून दिलेला वेगाचा आलेख ड्रायव्हरने पाळायचा, एकूण ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडं कमी, अंतर साडेदहा किमीच्या आसपास, जास्तीत जास्त वेग ९०, एसी बंद. आणि पेट्रोल तिथेही मोजत नाहीत! सायलेन्सरमधून आलेला धूर पिशव्यांमध्ये गोळा करतात, त्यातला कार्बन मोजतात, आणि एवढा कार्बन बाहेर आला म्हणजे एवढं पेट्रोल आत गेलं असणार असं काढतात. पद्धत एकदम पक्की आहे, फसवणूक वगैरे काही नाही, दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगलाच आहे. फक्त त्या रोलरवर वडगाव पुलाचा सिग्नल नाही, मागच्या सीटवर दोन पोरं नाहीत आणि मे महिना नाही.

म्हणजे बघा, एआरएआय धूर मोजते, डिस्प्ले इंजेक्टरचा वेळ मोजतो, डोंगल हवा मोजतं. पेट्रोल मोजतो तो फक्त पंपवाला.

मग म्हटलं पंपवाला तरी बरोबर मोजतो का. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं, हे ऐकून माहीत होतं, कधी मागितलं नव्हतं. एका रविवारी सकाळी गर्दी नसताना मागितलं. पोराने माझ्याकडे बघितलं, मग मॅनेजरकडे, मॅनेजर म्हणाला दाखव. आतून ते माप आलं, उंच मानेचं, मानेवर खुणा. पाच लिटर सोडलं, फेस बसेपर्यंत थांबलो, आणि पातळी पाचाच्या खुणेच्या केसभर खाली. पाच लिटरला २५ मिली इकडेतिकडे चालतं, हे त्याच्या आतच होतं. "झालं समाधान?" मॅनेजर. झालं. ते पाच लिटर त्यांनी परत टाकीत ओतलं आणि मी लाजेने का होईना टाकी फुल करून निघाले. कुणी रागावलं नाही, कुणी वाद घातला नाही, सगळा मिळून पाच मिनिटांचा खेळ. ज्यांना पंपावर संशय आहे त्यांनी एकदा हे करा, फसवू नये म्हणून ५०० च्या जागी ५१० आणि हजारच्या जागी १०२० रुपयांचं टाकून काही होत नाही.

एवढं वाचून वाटेल की डोंगल फालतू आहे. नाही. आकड्यासाठी फालतू आहे. पण पेट्रोल कुठे जातं हे दाखवायला त्याच्यासारखं काही नाही, आणि ते बाबांची डायरी कधीच सांगू शकली नसती.

पहिला धक्का उभ्या गाडीचा. माझी गाडी न्यूट्रलला उभी, एसी बंद, तर तासाला साधारण ०.७ लिटर जाळते. एसी लावला की १.१. माझं ऑफिस हिंजवडी, धायरीतून साधारण २३ किमी, आठवड्यातून तीन दिवस. रेकॉर्ड बघितलं तर जाऊन येऊन मिळून रोज ४० मिनिटं गाडी शून्य वेगाला. शून्य! एसी चालू, कारण वाकडच्या पुलाखाली काच उघडायची माझी हिंमत नाही. चाळीस मिनिटं म्हणजे रोज पाऊण लिटरला थोडं कमी, महिन्याचे १३ दिवस धरले तर साडेनऊ लिटर, म्हणजे पुण्याच्या तेव्हाच्या १०४ च्या आसपासच्या भावाने जवळजवळ हजार रुपये, गाडी जागची न हलता. ऑफिसच्या खेपांना महिन्याला जे पेट्रोल लागतं त्याचा चौथा हिस्सा. आता मी अर्धा तास आधी निघते. बाकी काहीही न बदलता पुढच्या दोन टाक्या १७.१ आणि १७.४ आल्या.

दुसरा धक्का शाळा. मुलाची शाळा पावणेदोन किमी. सकाळी गाडी काढली तेव्हा कूलंट २७ डिग्री, शाळेच्या गेटवर पोचले तेव्हा ५८. इंजिन तापलंच नाही आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त ओढतं. त्या खेपेचं अ‍ॅव्हरेज साडेसात. परत येताना थोडं बरं. आता शाळेला अ‍ॅक्टिव्हा, पाऊस असेल तरच गाडी.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यात डोंगलने मला जवळजवळ उल्लू बनवलं होतं. आपल्याकडे घरोघरी एक समज आहे की उताराला गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं. दादा तर पक्का न्यूट्रलवाला. साताऱ्याहून येताना गाडी तो चालवत होता, मी शेजारी मोबाईल घेऊन. नवीन कात्रजचा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत जो उतार लागतो तिथे मी त्याला म्हटलं, डाव्या लेनला, सावकाश, गिअरमध्येच ठेव, पाय काढ. चौथा गिअर, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, आरपीएम दोन हजार, अ‍ॅप म्हणतंय तासाला दीड लिटर. आणि न्यूट्रलचा आकडा माझ्याकडे होताच, ०.७. दादा असा काही हसला! "बघ, तुझंच मशीन सांगतंय."

पण त्याच वेळी डॅशबोर्डवरची अ‍ॅव्हरेजची पट्टी टोकाला जाऊन चिकटलेली, म्हणजे गाडी म्हणतेय मी काहीच जाळत नाहीये. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. घरी येऊन रेकॉर्ड उघडलं, त्यात "फ्युएल सिस्टिम स्टेटस" म्हणून एक रकाना असतो, त्या उतारावर तिथे लिहिलेलं होतं: ओपन लूप, डीसेलरेशनमुळे फ्युएल कट. म्हणजे गिअरमध्ये असताना पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात, ईसीयू इंजेक्टर बंद करते, पेट्रोल शून्य. पण हवा तर जातेच ना, पिस्टन खालीवर होतायत! आणि आपलं डोंगल मोजतं हवा, त्याने इमानदारीत त्या हवेत न पडलेलं पेट्रोल धरून टाकलं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या जोरावर चालू ठेवावं लागतं, तेव्हा ०.७ खरोखर जळतं. म्हणजे न्यूट्रलने पेट्रोल जातं, वाचत नाही, आणि इंजिन ब्रेकिंग गेलं ते वेगळं. नवले पुलाजवळ न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांचे काय हाल झालेत ते पुणेकरांना सांगायला नको. दादाला स्क्रीनशॉट पाठवला. निळी टिक आली, उत्तर नाही.

त्याच फेरीत अजून एक कळलं. खंबाटकीला जाताना घाट चढावा लागला (येताना बोगदा), चढाच्या पाच किमीला अ‍ॅपने दाखवले ८, पुढच्या उताराच्या पाच किमीला २४. दादा लगेच म्हणाला सरासरी सोळा. नाही! चढाला पाच भागिले आठ, ०.६२ लिटर गेलं, उताराला ०.२१, मिळून ०.८३, दहा किमीला. म्हणजे बारा. किलोमीटर प्रति लिटरची अशी थेट सरासरी निघत नाही, नेहमी एकूण किमी भागिले एकूण लिटर. मला स्वतःला हे इंजिनिअरिंग होऊन सोळा वर्षं झाल्यावर कळलंय, त्यामुळे तुम्ही लाजू नका.

याच कारणाने मला आता आपलं "किती देते" हे मापच थोडं फसवं वाटतं. दादाची मोठी एसयूव्ही १० देते. ती १२ द्यायला लागली तर हजार किमीला १०० च्या जागी ८३ लिटर, सतरा वाचले. माझी १६ ची २० झाली तर साडेबासष्टचे पन्नास, साडेबारा वाचले. ऐकायला माझी चारने सुधारली आणि त्याची दोनने, वाचलं त्याचं जास्त. १०० किमीला किती लिटर असं बोललो असतो तर हे लगेच दिसलं असतं, पण "तुमची शंभराला किती पिते" असं पार्किंगमध्ये विचारलं तर लोक भलताच अर्थ काढतील.

बाकी बारीकसारीक. टायरमध्ये ३३ हवी तिथे २५-२६ होती, भरली, गाडी पाय काढल्यावर जास्त घरंगळते हे जाणवतं. घासलेल्या टायरचा घेर कमी होतो त्यामुळे ट्रिप मीटर थोडे जास्त किमी मोजतो, माझा हायवेला जीपीएसच्या ५० ला ५०.७ दाखवतो, म्हणजे माझे १६.३ पण खरे सोळाच्या जवळ. हायवेला ८० आणि १०० मध्ये फरक दणकून पडतो, पण मागून येणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्यांना ते पटत नाही.

आता तोटे. सॉकेटच्या एका पिनेला बॅटरीचे बारा व्होल्ट कायम असतात, गाडी बंद असली तरी, त्यामुळे डोंगल लावलेलं राहिलं की ते थोडं थोडं पीत राहतं. दिवाळीत दहा दिवस गाडी उभी होती, डोंगल तसंच, परत आलो तर सेल्फ मारला की नुसतं टक टक. बॅटरी जुनी होतीच, पण शेवटचा धक्का याने दिला. वापरून झालं की काढा. शिवाय ते गुडघ्याजवळ बाहेर येतं, माझं एकदा चपलेने निखळून पायाशी लोळत होतं, क्लचखाली गेलं असतं तर? आणि डिझेलवाल्यांनी अ‍ॅव्हरेजसाठी हे घेऊच नका. डिझेल इंजिन हवा भरपूर घेतं आणि त्यात डिझेल लागेल तेवढंच टाकतं, ठरलेलं प्रमाणच नाही, त्यामुळे हवेवरून काढलेला आकडा निव्वळ कादंबरी. गाडी स्वतःहून फ्युएल रेट सांगत असेल तर वेगळी गोष्ट, काही नव्या गाड्या सांगतात, माझी नाही सांगत.

घ्यावं का? इंजिनचा पिवळा दिवा लागला तर कोड वाचता येतो, एवढ्यासाठी सुद्धा साडेसहाशे वसूल आहेत, मेकॅनिक "स्कॅनिंगचे पाचशे" म्हणतो तेव्हा आपण कोड आधीच वाचून गेलेलो असतो. अ‍ॅव्हरेजसाठी महिनाभर लावा, आपलं पेट्रोल कुठे जातं ते बघा, काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. आणि आकडा हवा असेल तर दहा रुपयांची डायरी. माझ्याकडून डोंगलला पाचातले साडेतीन, डायरीला पाच.

हां, काका. त्यांना हे सगळं सांगितलं. डोंगल नको म्हणाले पण टाकी फुलचं त्यांनी मनावर घेतलं, दोन टाक्या प्रामाणिकपणे लिहिल्या, मीच कॅल्क्युलेटरवर काढून दिलं. १६.८.

काका दोन मिनिटं कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पंप बदलायला पाहिजे."